मदत हवी आहे: फ्रान्समध्ये हिजाब घालून बास्केटबॉल खेळता येईल का?

नमस्कार मंडळी, आम्ही लियोंला राहतो. लेकीची मैत्रीण हिजाब घालते. शाळेच्या फाटकाशी रोज स्कार्फ सोडते, घडी करून दप्तरात ठेवते, कारण २००४ च्या कायद्यानुसार सरकारी शाळेत तो चालत नाही. (चेहरा झाकण्यावरची २०१० ची बंदी वेगळी.) पण आता बास्केटबॉलच्या सामन्यांतही तिला बाकावरच बसावं लागतं! जागतिक महासंघाने २०१७ मध्येच परवानगी दिली, फ्रेंच महासंघ मात्र ऐकत नाही. पोरगी खेळते फार छान, जीव तुटतो हो. हिजाबसह खेळू देणारे हौशी गट किंवा अशा प्रकरणांत मदत करणारे वकील कुणाला माहीत आहेत का? 'तिकडे राहायचं तर त्यांचं ऐकावं' असे सल्ले कृपया नकोत. तिचा जन्म इथलाच आहे.