दुकानाच्या सर्चमध्ये "जाड टॉवेल" कसा सापडणार? फझी लॉजिक लावू का

टॉवेलवाला_सोलापूर
मंडळी, मदत पाहिजे. चाटी गल्लीत आमचं चादर-टॉवेलचं दुकान आहे, मालाची यादी साइटवर टाकली आणि सर्च मीच लिहिलाय. जाड म्हणजे ५०० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) वर, स्वस्त म्हणजे २०० रुपयांच्या आत असं टाकलेलं. काल एकानं "जाड स्वस्त टॉवेल" शोधलं तर काहीच आलं नाही, आणि इकडं ४८० जीएसएमचा २१० रुपयांचा टॉवेल माझ्या डोळ्यासमोर फळीवर पडलेला! लई जीवाला लागलं. शिवाय कुणी "चद्दर" टाकलं की "चादर" येत नाही, इलॅस्टिकसर्च या सर्चच्या सॉफ्टवेअरमध्ये फझीनेस (चुकीचं स्पेलिंग चालवून घ्यायची सोय) ऑटोवर ठेवलंय तरी. हेच फझी लॉजिक ना?

कोडकाका
नाही, ही दोन वेगळी कामं आहेत. फझीनेस म्हणजे लेव्हेनश्टाइनचं अंतर, किती अक्षरं बदलली की एक शब्द दुसरा होतो ते मोजायचं. फझी लॉजिक ज्यावर उभं आहे ते फझी सेट (वस्तू गटात आहे की नाही एवढंच नाही, शून्य ते एक मध्ये किती आहे ते सांगायचं) हे लोत्फी झादेह या गणितज्ञांचं, दोन्ही १९६५ चीच आणि नावंही सारखी म्हणून घोळ होतो. चादर मध्ये काना धरून चार खुणा, ऑटो तीन ते पाच खुणांच्या शब्दाला एकच बदल चालवतं, चादर-चद्दर मध्ये दोन लागतात (कान्याच्या जागी द आणि वर हलन्त), म्हणून सापडत नाही. टॉवेल-टावेल एका बदलात जमतं. चद्दरसाठी सरळ समानार्थी शब्दांची यादी कर.

जाड, स्वस्त हे मात्र झादेहांचं काम. रेघ मारू नकोस, उतार दे. ४०० ला शून्य, ६०० ला एक, मग ४८० चा टॉवेल ०.४ जाड. १५० रुपयांना एक, ३०० ला शून्य, म्हणजे २१० चा ०.६ स्वस्त. "आणि" साठी दोन्हीतला लहान आकडा घ्यायचा, ०.४ आला, माल यादीत आला.

रात्रपाळी
काकांचं बरोबर आहे पण लहान आकडा घेतला की एक गोची होते. तोच ४८० चा टॉवेल दुसरा कुणी १६५ ला देत असेल तर तो ०.९ स्वस्त, तरी "आणि" चं उत्तर ०.४ च, दोघं एकाच पायरीवर. गुणाकार कर, ०.३६ आणि ०.२४, स्वस्तवाला आपोआप वर जातो.

आणि शब्दांचं नातंही मोजता येतं, १९९१ मध्ये ओगावा, मोरिता, कोबायाशी या संशोधकांनी हे मांडलंय. समजा चादर ४० पानांवर, ब्लँकेट ३० वर, दोन्ही शब्द एकाच पानावर अशी पानं २०, तर २० भागिले ५० (४० अधिक ३०, त्यातून दोनदा मोजलेली २० वजा), नातं ०.४. मग नुसतं ब्लँकेट लिहिलेलं पानही चादर शोधणाऱ्याला खाली कुठंतरी दिसतं, कोरं पान येत नाही.

टॉवेलवाला_सोलापूर
काका, दादा, जमलं! गुणाकार लावला, चद्दरची यादी केली. एकच सांगतो, ४०० ते ६०० हे आकडे मी बदलले. पप्पांसमोर सहा टॉवेल लेबल झाकून ठेवले, ते कड चिमटीत धरून चोळत गेले, ४२० ला थांबले आणि म्हणाले "हे पातळ बी नाही, जाड बी नाही", ५२० ला म्हणाले "हां, हा जाड". तीस वर्षं गल्ल्यावर बसलेल्या माणसाचा हात आहे तो, म्हणून उतार आता ३८० पासून ५२० पर्यंत. "मऊ" ला पण तेच करायचंय, पण त्याला लेबलवर आकडाच नाही, तिथं पप्पांनाच शून्य ते दहा गुण द्यायला लावू का?