'ब्लड इज थिकर दॅन वॉटर': मूळ अर्थ कोणता आणि मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न

एका कौटुंबिक मालिकेच्या मराठी उपशीर्षकांचं काम चालू आहे. त्यात 'ब्लड इज थिकर दॅन वॉटर' तीन ठिकाणी येतं. पहिल्यांदा भांडलेले भाऊ पुन्हा एकत्र येतात तेव्हा, दुसऱ्यांदा मालक कारखान्याची सूत्रं अनुभवी व्यवस्थापकाला डावलून पुतण्याच्या हाती देतो तेव्हा. तिसऱ्यांदा एक पात्र ठासून सांगतं की या म्हणीचं मूळ रूप अगदी उलट आहे: 'द ब्लड ऑफ द कव्हनंट इज थिकर दॅन द वॉटर ऑफ द वूम्ब', म्हणजे शपथेने जोडलेलं नातं जन्माच्या नात्याहून पक्कं. हे खरं आहे का? आणि तिन्ही ठिकाणी 'रक्त पाण्यापेक्षा दाट असतं' एवढं चालेल का?

उत्तर

आधी तिसऱ्याचं, कारण ही समजूत हल्ली फार पसरली आहे. नाही, ते मूळ रूप नाही. ती लांबलचक ओळ विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकाआधी छापील स्वरूपात सापडत नाही. तिला 'मूळ' म्हणणारे लेखक जुन्या ग्रंथाचं नाव, साल, पान यांपैकी काहीच देत नाहीत.

उलट छोट्या म्हणीचा माग नीट लागतो. बाराव्या शतकात, साधारण ११८० च्या सुमारास, हाइनरिश नावाच्या जर्मन कवीने धूर्त कोल्ह्याची पद्यकथा लिहिली. तीत 'असं ऐकतो, की नात्याचं रक्त पाण्याने नासत नाही' अशा अर्थाची ओळ आहे. तिथे दाट-पातळ काही नाही, नासणं आहे. पण 'असं ऐकतो' हे शब्द महत्त्वाचे, कारण कवीच्या आधीपासून ते लोकांच्या तोंडी होतं. पुढे १४१२ ते १४२० या काळात जॉन लिडगेटने ट्रॉयच्या युद्धावर लिहिलेल्या इंग्रजी काव्यात रक्त स्वभावतःच रक्ताकडे ओढ घेतं, असं म्हटलं आहे. तिथे पाणीच नाही.

रक्त, पाणी आणि दाटपणा हे तिन्ही एकत्र येतात ते १६५२ साली. विल्यम जेंकिन हा इंग्रज प्युरिटन धर्मोपदेशक बायबलातल्या यहूदाच्या पत्रावर भाष्य करताना म्हणतो की रक्त पाण्यापेक्षा दाट असं आपण म्हणतो, आणि ख्रिस्ताच्या रक्ताने जोडलेली माणसं आपल्याला अधिक प्रिय वाटावीत, कारण बाकीच्यांशी आपलं नातं निव्वळ निसर्गाचं, पाणचट. बारकाईने पाहा. उलटा अर्थ इथे आहे, पण तो म्हणीचा मूळ अर्थ म्हणून नाही. सगळ्यांना ठाऊक असलेली म्हण घेऊन त्याने तिला धार्मिक कलाटणी दिली आहे. 'असं आपण म्हणतो' या शब्दांनीच सिद्ध होतं की सरळ अर्थ आधीचा.

मग १७३७ मध्ये ॲलन रॅम्झीच्या स्कॉटिश म्हणींच्या संग्रहात ती येते आणि १८१५ मध्ये वॉल्टर स्कॉटच्या 'गाय मॅनरिंग' कादंबरीत डँडी डिनमंट नावाच्या शेतकऱ्याच्या तोंडी. एका दूरच्या नात्यातल्या बाईला त्याने चीज आणि हॅम पोचवलेलं असतं. ती वारते, मृत्युपत्रातून त्याच्या हाती काही लागत नाही. तरी तो म्हणतो, असू दे, शेवटी नात्यातलीच ती, दिलं ते दिलं. म्हणीचा घरगुती अर्थ याहून स्वच्छ कुठे दिसणार नाही. परतफेड नसली तरी नात्यातल्या माणसाला दिलेलं सलत नाही, इतकाच तो.

पुन्हा प्रश्नकर्ता

पण त्या पात्राच्या संवादात 'अरबांमध्ये असं म्हणतात' असंही आहे. हेन्री क्ले ट्रंबुल या लेखकाचा दाखला बऱ्याच जणांनी दिलेला दिसतो.

उत्तर

ट्रंबुल हा अमेरिकन धर्मोपदेशक. १८८५ सालच्या त्याच्या पुस्तकाचा विषयच मुळी रक्ताच्या शपथेने जोडलेली नाती हा आहे. तो लिहितो, की आपण पश्चिमेत रक्त पाण्यापेक्षा दाट म्हणतो, तर अरबांच्या कल्पनेत रक्त दुधापेक्षाही, आईच्या दुधापेक्षाही दाट असतं. तिथली तुलना रक्ताची शपथ घेतलेले भाऊ आणि एकाच बाईचं दूध प्यालेले दूधभाऊ यांच्यात आहे. गर्भ नाही, गर्भजल नाही, आणि ही इंग्रजी म्हणीची जुनी आवृत्ती आहे असा दावा तर मुळीच नाही.

'दूधभाऊ' मराठीला नवा नाही. संभाजी महाराजांना दूध पाजणाऱ्या कापूरहोळच्या धाराऊंचे मुलगे इतिहासात महाराजांचे दूधभाऊ म्हणूनच ओळखले जातात. त्यामुळे हा उतारा मराठीत आणताना 'फॉस्टर ब्रदर'साठी शब्द शोधत बसू नका, तो घरातच आहे.

खोटी ओळ खरी वाटते याला एक कारण आहे. तिचा अर्धा भाग खरोखरच जुना आहे. 'कराराचे रक्त', म्हणजेच 'ब्लड ऑफ द कव्हनंट', हे शब्द मराठी बायबल वाचणाऱ्यांना निर्गम २४:८ मधून ठाऊक असतात. त्याला 'गर्भाचं पाणी' जोडलं की सगळं वाक्यच प्राचीन भासतं. म्हणून असा दावा तपासताना आख्खी ओळ एकदम शोधू नये, तुकडे वेगळे शोधावेत. प्रत्येक तुकड्याचं सर्वांत जुनं छापील साल लिहून काढावं. सतराव्या शतकातल्या इंग्रजीत 'दॅन'च्या जागी 'देन' छापलेलं असतं, स्कॉटिश मजकुरात 'ब्लड'ची स्पेलिंगं निराळी असतात. ती घातली नाहीत तर जुने दाखले हाती लागत नाहीत आणि म्हण आहे त्याहून शंभर-दीडशे वर्षांनी तरुण दिसते. दोन तुकडे एकत्र असलेलं पहिलं साल सर्वांत शेवटी पाहावं. इथे नेमकं तेच साल अगदी अलीकडचं निघतं.

भर

अर्थबदलाचा एक टप्पा वर सुटला आहे, तो घराबाहेरचा. २५ जून १८५९ रोजी दुसऱ्या अफूच्या युद्धात ब्रिटिश नौदलाने चीनमधल्या पेइहो नदीच्या मुखाशी असलेल्या ताकू किल्ल्यांवर हल्ला केला आणि जबर मार खाल्ला. अमेरिका त्या लढाईत तटस्थ होती. तरी अमेरिकन कमोडोर जोसाया टॅटनॉल याने आपल्या ताब्यातल्या वाफेच्या बोटीने ब्रिटिशांच्या कुमकेच्या होड्या ओढून नेल्या. तटस्थता मोडल्याचं समर्थन त्याने याच म्हणीने केलं, असं सांगितलं जातं. अमेरिकेने ब्रिटनशी दोन युद्धं केलेली होती, त्यातलं दुसरं १८१२ मध्ये सुरू झालं होतं. त्या दोन राष्ट्रांना ही म्हण एकदम भाऊ ठरवते. इथून पुढे 'रक्त' म्हणजे कुटुंब इतकंच राहत नाही, वंश आणि भाषाही त्यात येतात. राजकीय भाषणात ती भेटली तर 'रक्ताचं नातं' पुरत नाही, 'एका रक्ताची माणसं' म्हणावं लागतं. त्यातला वंशाभिमानही लपवू नये, तो मूळ बोलण्यात असतोच.

'थिक'बद्दल

माझं लक्ष विशेषणाकडे आहे. इंग्रजीत 'थिक' द्रवालाही लागतं आणि मैत्रीलाही. म्हणीची गंमत या दुहेरीपणात आहे. मराठीत तसं जमत नाही असं समजलं जातं, पण जमतं. ओळख 'दाट' असते, मैत्री 'घट्ट' असते. अडचण वेगळीच आहे. मराठीत रक्त घट्ट किंवा पातळ होतं ते दवाखान्यात. 'रक्त पातळ करायची गोळी' घराघरांत रोज बोललं जातं. त्यामुळे पडद्यावर 'रक्त पाण्यापेक्षा घट्ट असतं' असं झळकलं की प्रेक्षकाच्या मनात आधी गुठळी येते, भाऊ नंतर. 'दाट' त्यामानाने बरं, पण तेही भौतिक विधानच वाटतं. आणि तसं पाहिलं तर ते खरंही आहे, ३७ अंश सेल्सिअसला रक्ताचा दाटपणा पाण्याच्या साधारण चार-पाच पट भरतो. पण खऱ्या विधानाची म्हण होत नाही. तिला ऐकणाऱ्याच्या भाषेत आधीपासून जागा असावी लागते.

पाण्याबद्दल, आणि माझ्या मते खरी मेख इथे आहे

इंग्रजी म्हणीत पाणी म्हणजे परकेपण. मराठीत पाणी परकं नाही, तेच नातं आहे. 'काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही' ही म्हण आठवा. काठी पडते, पाण्यावर क्षणभर रेघ उठते, आणि काठी उचलायच्या आत ते मिळून जातं. नातलगांचं भांडण असंच. इंग्रजी म्हण ज्याला हिणवते तेच पाणी आपल्याकडे रक्ताच्या नात्याची उपमा आहे. दोन्ही म्हणींचा रोख एक, चित्र नेमकं उलटं. शब्दशः भाषांतराने अर्थ फारसा बिघडत नाही, पण मराठी कानाची ही ओळख पुसली जाते.

यामागे जुनी मुळं आहेत. धर्मशास्त्रात नात्याची दोन वर्तुळं सांगितली आहेत, सपिंड म्हणजे ज्यांचा पिंड एक ते, आणि त्याबाहेरचे समानोदक. समानोदक म्हणजे ज्यांचं उदक, तर्पणाचं पाणी, एक आहे ते. मनुस्मृती म्हणते, सपिंडता सातव्या पुरुषाशी संपते, समानोदकभाव मात्र जन्म आणि नाव ठाऊक असेपर्यंत टिकतो. पिढ्या मोजण्याची रूढ रीत आठवी ते चौदावी अशी. म्हणजे पिंडाचं नातं सरल्यावरही जे उरतं ते पाण्याचं. आणि नातं तोडायचं असेल तरी आपण 'तिलांजली' देतो, तीही पाण्याचीच ओंजळ.

'रक्त' मात्र या व्यवस्थेत फारसं दिसत नाही. याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' टीका लिहिणारा विज्ञानेश्वर कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यातला, आजच्या बसवकल्याणचा. त्याने पिंड शब्दाचा अर्थ भाताचा गोळा असा न घेता शरीराचे अंश असा घेतला. ज्यांच्यात एकाच पूर्वजाच्या देहाचे अंश आहेत ते सपिंड. बंगालच्या जीमूतवाहनाने श्राद्धाचा पिंड हाच अर्थ धरला. त्यातून वारसाहक्काच्या दोन परंपरा निघाल्या. इंग्रजीतल्या 'ब्लड'च्या सर्वांत जवळ जाणारी आपली कल्पना विज्ञानेश्वराची, पण ती रक्ताची नाही, देहाची आहे. रोजच्या मराठीतही नातं आतड्याचं असतं, मूल पोटचं असतं, गावाशी नाळ जोडलेली असते. 'रक्ताचं नातं' सर्रास बोलतो हे खरं, पण मायेचा क्षण आला की आतडंच तुटतं.

एक इशारा

'रक्ताचं पाणी' हे शब्द उपशीर्षकात चुकूनही जवळजवळ आणू नका. 'रक्ताचं पाणी केलं' म्हणजे अतोनात कष्ट उपसले. 'त्याने रक्ताचं पाणी होऊ दिलं नाही' असं कुणी नात्याबद्दल लिहिलं तर वाचक भलतीकडेच जाईल.

मालिकेत वकिलाचा प्रसंग असेल तर आणखी एक. कायद्यातलं 'फुल ब्लड', 'हाफ ब्लड' आणि 'युटेराइन ब्लड' यांचं रक्त म्हणून भाषांतर करू नका. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ मध्ये पहिलं म्हणजे एका पूर्वजाची एकाच पत्नीपासूनची संतती, दुसरं म्हणजे पूर्वज एक पण पत्नी वेगळ्या, तिसरं म्हणजे आई एक पण पती वेगळे. बोलीत सख्खा आणि सावत्र हे दोनच शब्द असल्याने दुसरं आणि तिसरं हमखास एक होतात. तिथे मोठी चूक होते. पुरुषाच्या दुसऱ्या वर्गातल्या वारसांत, म्हणजे पहिल्या वर्गातले जवळचे वारस नसताना ज्यांना हक्क मिळतो त्यांत, 'भाऊ' म्हटलं की सख्खा येतो, बापाकडून सावत्र येतो, आईकडून सावत्र येत नाही. शिवाय बाकी नातं सारखं असेल तर कलम १८ सख्ख्याला आधी मान देतं. तिसऱ्यासाठी 'सहोदर' वापरण्याचा मोह होईल, पण वाचक सहोदराला सख्खाच समजतो. 'आई एक, वडील वेगळे' असं सरळ लिहावं.

तर मग तीन प्रसंग

भाऊ एकत्र येतात तिथे 'काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही' ही म्हण अगदी चपखल बसते. पण उपशीर्षकाची ओळ सहसा चाळीस-बेचाळीस अक्षरांत बसवावी लागते आणि प्रेक्षकाला ती दोन-तीन सेकंदांत वाचायची असते. म्हातारं पात्र सावकाश बोलत असेल तर म्हण पूर्ण द्या. तरुण पात्र घाईत बोलत असेल तर 'पाणी कधी दुभंगतं का?' एवढंही पुरतं, म्हण ठाऊक असणाऱ्याला बाकीची आपसूक ऐकू येते.

कारखान्याच्या प्रसंगात बोलणारा कोण ते पाहा. मालक स्वतः म्हणत असेल तर 'शेवटी रक्ताचं नातं ते'. डावललेला व्यवस्थापक कडवटपणे म्हणत असेल तर 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं'. इंग्रजीत दोघांच्या तोंडी तीच म्हण येऊ शकते, मराठीत ती एक ठेवली तर व्यवस्थापकाचा राग बोथट होतो.

तिसरा प्रसंग अवघड, कारण तिथे म्हणीच्या शब्दांवरच वाद आहे आणि रक्त-पाणी टाळता येत नाही. 'रक्त पाण्याहून दाट' हे तिथे शब्दशः ठेवा, म्हणजे लगेच पुढची 'शपथेचं रक्त, गर्भाच्या पाण्याहून दाट' ही ओळ त्याच साच्यात बसेल. त्या पात्राचा दावा चुकीचा असला तरी भाषांतरात तो दुरुस्त करू नये, चूक त्याची आहे.

पुन्हा प्रश्नकर्ता

तिसऱ्या प्रसंगात ते पात्र आपल्या जिवलग मित्राकडे बोट दाखवून म्हणतं, 'हा माझा भाऊ'. तिथे 'मानलेला भाऊ' लिहू का?

उत्तर

नको. 'मानलेला' म्हटलं की तो खरा नाही याची कबुली त्या शब्दातच येते, आणि पात्राचा सगळा झगडा तर तो खरा आहे हे सांगण्याचाच आहे. मराठी माणूस शेजाऱ्यालासुद्धा 'सख्खा शेजारी' म्हणतो. तोच शब्द उचला: 'हा माझा सख्खा भाऊ.'