मदत हवी आहे : मागच्या एक्सलला ३.९ घेऊ की ४.१?

घाटमाथा_२२ : मंडळी, लवकर सांगा. हायवेला शंभरवर गेलो की इंजिन नुसतं बोंबलतंय, आरपीएम साडेतीन हजार. एक्सलचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टचे किती फेरे, तो बदलायचं ठरलंय. ३.९ की ४.१? शनिवारी एक्सलचं हौसिंग खोलणार. पिकअप मात्र जायला नको.

निपाणीकर : गाडी कुठली ते सांगा की आधी! टायर? कितव्या गिअरात?

घाटमाथा_२२ : हिंदुस्तान मोटर्सची काँटेसा ओ, आणि कुठली.

बापू_चिक्कोडी : विका. एखादी सेकंडहँड होंडा सिटी घ्या. आमची १४ चं ॲव्हरेज देते.

निपाणीकर : ॲव्हरेज कुणी विचारलं, बापू? इंजिन बीएमसी १५०० की इसुझू १८००? गिअर चार की पाच?

घाटमाथा_२२ : इसुझू, पाच. पाचव्यातच साडेतीन हजार. टायर १८५/७० आर १३. आधीच्या मालकानं हौसिंग खोललं होतं, आत काय घातलंय देव जाणे.

आप्पा_उद्यमबाग : आत्ता काय आहे तेच माहीत नाही आणि नवीन कसलं ठरवताय? ह्या टायरचा घेर १.८५ मीटर. शंभरच्या स्पीडला चाक मिनिटाला ९०० फेरे मारतं. ३५०० भागिले ९००, ३.८९. पाचव्या गिअरचा रेशो ०.८५ धरून त्यानं भागलं तर एक्सल ४.५५ च्या आसपास निघतो, म्हणजे क्राऊन (मोठं दातेरी चाक) ४१ दातांचा आणि पिनियन (छोटं) ९ दातांची, अशी जोडी. खात्री करायला खोलायची गरज नाही. गाडी न्यूट्रल, मागची दोन्ही चाकं वर, स्टँड लावून. शाफ्टवर खडूची रेघ मारा. दोघांनी मिळून दोन्ही चाकं एकदमच एक फेरा फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा.

चोर्ला_रायडर : ३.९ घालू नका. चोर्ला घाटाच्या वळणावर तिसऱ्यात मान टाकेल. मी तर म्हणतो ४.५५ च ठेवा, गाडी पळते ना?

निपाणीकर : हायवेला कानाला बोळे घालून जायचं का मग? ३.९ ला शंभरवर तीन हजार, ४.१ ला एकतीसशे. भांडायला फरक तरी आहे का!

खानापूरकर : १४ इंची रिम टाका, एक्सलला हातच नको.

आप्पा_उद्यमबाग : १८५/६५ आर १४ ची उंची जेमतेम ७ मिलिमीटर जास्त. दिसायला बरं, बाकी काही नाही.

चोर्ला_रायडर : घाट आम्ही चढतो, दर शनिवारी.

निपाणीकर : गोव्याला कशाला जाता ते ठाऊक आहे.

घाटमाथा_२२ : मोजलं. साडेचार फेरे आणि वर जरासं. आप्पा, तुमचंच खरं. ४.१ ची ४१-१० जोडी मिळेना, ४३-११ मिळतेय.

आप्पा_उद्यमबाग : ते ३.९ झालं. घ्या, घाटात एक गिअर खाली टाकायचा. पण क्राऊन-पिनियन जोडीनंच बदला, जुन्या क्राऊनवर नवी पिनियन नको. बसवल्यावर शेंदूर तेलात कालवून दातांना लावा आणि फिरवून बघा. ठसा दाताच्या मधोमध उमटला तरच झाकण लावा. टोकाला गेला तर शिम (पातळ चकती) बदला, नाहीतर संकेश्वरपर्यंत घुमत जाईल. आणि स्पीडोमीटरचा काटा आत्ता बरोबर असेल, तर नंतर तो शंभर दाखवेल तेव्हा गाडी ११६ ला असेल.

बापू_चिक्कोडी : अजून सांगतो, विका.

घाटमाथा_२२ : बापू, पाव किलो कुंदा पाठवतो. तोंडात धरून बसा.