राजीनामा दिला तरी चेक बाउन्सचं समन्स

प्रश्न: २०२२ लाच डायरेक्टरपद सोडलं, कंपनीने २०२४ मध्ये दिलेले चेक बाउन्स झाले आणि आता कलम १३८ च्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, चेक बाउन्सचा गुन्हा) केसमध्ये माझंही नाव टाकलंय, काय करू?

उत्तर: घाबरू नका, पण तारीख चुकवू नका. त्याच कायद्याच्या कलम १४१ प्रमाणे गुन्हा घडला तेव्हा कारभार कोणाच्या हातात होता ते बघतात. डीआयआर-१२ ची (डायरेक्टर बदलल्याचा, कंपनीने कंपनी रजिस्ट्रारकडे भरायचा फॉर्म) सर्टिफाइड कॉपी काढा, वकिलामार्फत केस रद्द करायला हायकोर्टात जा. २०११ ला हर्षेंद्र कुमार खटल्यात सुप्रीम कोर्टाने राजीनामा दिलेल्या डायरेक्टरवरची केस रद्द केलीय.

दुसरं उत्तर: चेकवर सही तुमची नाही ना? जाताना पुढच्या तारखेचे चेक सही करून दिले असतील तर अवघड आहे.

प्रश्नकर्ता: सही नाही, पण कंपनीने डीआयआर-१२ भरलाच नाही.

दुसरं उत्तर: मग राजीनाम्याचा मेल, पोच शोधा, तुम्ही स्वतः डीआयआर-११ (राजीनाम्याची माहिती डायरेक्टरने स्वतः रजिस्ट्रारला द्यायचा फॉर्म) भरला असेल तर उत्तमच.