नाशिकला दोन दिवस: कोणत्या वायनरी निवडाव्यात?

प्रश्न: मुंबईहून गाडीने चौघे येतोय, फेब्रुवारीत. सगळ्याच वायनरी होतील का?

प्रतिसाद १: नाही. दिवसाला दोन, फार तर तीन. चव घ्यायला ३० मिलीचे पाच नमुने दिले तर १५० मिली, म्हणजे एक भरलेला ग्लास; तिसऱ्या ठिकाणी जीभ बधिर होते. येताना इगतपुरी तालुक्यातल्या सांजेगावला ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोने या वायनरी करा. दुसऱ्या दिवशी गंगापूर धरणाकडे सुला आणि यॉर्क, दोन्ही शेजारीशेजारीच. सुलाला शनिवार-रविवारी जत्रा असते, शक्यतो मधला वार धरा.

प्रतिसाद २: फेब्रुवारी उत्तम, द्राक्षतोडणी चालू असते. गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची) सप्टेंबर-ऑक्टोबरात, मेपर्यंत तोडणी आटोपलेली असते, म्हणून मे महिन्यात येणाऱ्यांना वेलीवर द्राक्षं दिसत नाहीत.

प्रतिसाद ३: क्रम पाळा: स्पार्कलिंग (फसफसणारी), व्हाइट, रोझे (गुलाबी), रेड, गोड वाइन शेवटी. गोड आधी घेतली की पुढची ड्राय (गोड नसलेली) वाइन नुसती आंबट लागते. अत्तर नको, त्याने वाइनचा वास दबतो. चाखलेली वाइन थुंकायचं भांडं मागायला लाजू नका. चालवणाऱ्याने मात्र थुंकूनही चव घेऊ नये. ड्राय डेही (दारूविक्री बंद असलेला दिवस) तपासा. बाटल्या उन्हातल्या डिकीत ठेवल्यात तर बूच वर सरकतं नि वाइन शिजल्यासारखी लागते. थर्माकोलचा खोका आणा.