मदत हवी आहे : हुजूरपागा आणि टिळक तलावाचे जुने फोटो

नमस्कार मंडळी. आईच्या पंचाहत्तरीसाठी तिच्या लहानपणीच्या पुण्याचा अल्बम करतेय. न्या. रानडे, भांडारकर, वामनराव मोडक यांनी 1884 साली सुरू केलेल्या हुजूरपागेत ती शिकली. पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेच्या जागेवर मुलींची शाळा, याचं तिला अजून कौतुक! पोहायला शिकली डेक्कनच्या टिळक तलावावर. पाठीला घट्ट बांधलेला पत्र्याचा डबा, काचणारी दोरी, पहिल्या उडीला नाकात गेलेलं पाणी, सगळं ती हातवारे करून सांगते. घरात मात्र एकही फोटो नाही.

कोणाकडे साठच्या दशकातले शाळेच्या पटांगणाचे किंवा तलावाचे फोटो आहेत का? तेव्हा बायकांची वेळ कोणती असायची? तुमच्या आई-मावश्यांना जरूर विचारा, प्लीज. फोटो स्कॅन करून लगेच परत देईन.