फिजिओथेरपीचे व्यायाम: नेमके कसे, किती आणि चुकतं कुठे?

गुडघा, टाच, खांदा, कंबर. क्लिनिकमधलं मशीन लावून होतं, हातात व्यायामाच्या चित्रांचा कागद पडतो आणि खरा गोंधळ घरी सुरू होतो. ज्यांना यातलं नीट कळतं त्यांनी इथे लिहावं. दुखण्याची कहाणी नको, कृती हवी.

*

गुडघ्यापासून सुरुवात करते. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबा. मांडीचा पुढचा स्नायू घट्ट होऊन वाटी किंचित वर सरकली पाहिजे. 5 ते 10 सेकंद धरायचं, 10 वेळा, दिवसातून दोन-तीनदा. बहुतेक जण इथे मांडीऐवजी कुल्ला आवळतात, वर श्वासही रोखून धरतात. मांडीवर हात ठेवला की स्नायू कडक होतोय की नाही ते लगेच समजतं, आणि मोठ्याने आकडे मोजले की श्वास आपोआप चालू राहतो.

हे जमलं की उताणं झोपून पाय सरळ उचलणे. दुसरा गुडघा दुमडलेला ठेवा, त्याच्या उंचीपेक्षा वर जायची गरज नाही. आधी गुडघा ताठ करायचा, मग उचलायचा. उचलताना गुडघा जरासा जरी वाकला तरी समजा ताकद अजून आलेली नाही. परत टॉवेलवर या. घाईने घोट्याला वजन बांधलं की गुडघा राहतो बाजूला, कंबर दुखते. त्यानंतर खुर्चीतून उठ-बस: हात न टेकता, बसताना तीन सेकंद घेऊन. उठायला सगळेच उठतात, पण बसताना शेवटच्या वितीला धपकन सोडून देतात. खरं काम त्याच वितीत असतं. खुर्ची बुटकी असेल तर वर उशी ठेवून उंची वाढवा, जमेल तशी उशी काढा. ताकदीतला फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे धरून चाला.

*

व्यायाम करताना किती दुखलं तर चालतं? 0 ते 10 मोजपट्टीवर 3-4 पर्यंत चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ पातळीवर यायला हवं. नाही आलं तर व्यायाम बंद करू नका, संख्या किंवा वजन निम्मं करा. सांधा सुजला असेल तर मात्र सूज उतरेपर्यंत थांबा.

*

सकाळचं पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येत असेल तर पलंगावरून उतरण्यापूर्वीच टॉवेल चवड्याला अडकवून, गुडघा सरळ ठेवून, स्वतःकडे ओढा. 30 सेकंद, तीन वेळा. एवढ्याने पहिली पावलं सुसह्य होतात, पण तळव्याच्या पट्ट्याला ताकद येत नाही. त्यासाठी पायरीच्या कडेवर उभं राहून, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन टाच उचलायची: तीन सेकंद वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंद खाली. एक दिवसाआड. कठडा धरा, पण त्यावर रेलू नका. अनवाणी फरशीवर फिरणं तेवढ्यापुरतं बंद.

*

आखडलेल्या खांद्यात सर्वांत जास्त गमावली जाते ती हात बाहेरच्या बाजूला फिरवण्याची हालचाल, आणि लोक व्यायाम करतात फक्त वर उचलण्याचा. कोपर काटकोनात, कुशीला चिकटवलेलं. दोन्ही हातांत आडवी काठी धरून चांगल्या हाताने दुखरा हात बाहेर ढकला. 10 ते 15 वेळा. कोपर कुशीपासून सुटत असेल तर मध्ये रुमालाची घडी दाबून धरा, घडी पडली की चूक कळते. भिंतीवर बोटं चढवताना खांदा कानाकडे उचलला जात असेल तर ती उंची खोटी. मधुमेह असेल तर हे दुखणं जास्त चिवट असतं, महिनोन्‌महिने चालतं.

*

कंबरेबद्दल एकच, पण महत्त्वाचं. कंबरेतून पायात उतरणारी कळ व्यायामानंतर पोटरीतून मांडीकडे, मांडीतून कंबरेकडे सरकत असेल तर कंबर थोडी जास्त दुखली तरी ते चांगलं लक्षण आहे. उलट कळ खाली सरकली तर तो व्यायाम आपला नाही, शेजारच्याला कितीही लागू पडलेला असो. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा, पाऊल उचलता न येणं, यांपैकी काही दिसलं तर व्यायाम, शेक सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

*

शेक की बर्फ? नुकतंच मुरगळलं, सुजलं तर बर्फ. आखडलं असेल तर शेक. दोन्ही 15 ते 20 मिनिटं, मध्ये कापड. बधिर त्वचेवर दोन्ही नको, भाजलेलं कळत नाही. ताकद वाढवणं ना शेकाचं काम, ना मशीनचं. दुखणं जरा उतरलं की त्या मोकळ्या वेळात व्यायाम उरकून घ्यायचा.

*

वर गुडघ्याबद्दल ताईंनी लिहिलंय त्याला जोड. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची आणि ती दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकायची. चपला घालून ताठ उभं राहा, हात सैल सोडा. काठीची मूठ मनगटाच्या घडीपर्यंत आली पाहिजे. लांब काठीने खांदा वर ढकलला जातो, आखूड काठीने माणूस एका कुशीवर कलतो. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी. टोकाचं रबर झिजून गुळगुळीत झालं की बदला, ओल्या फरशीवर ते सटकतं.